ब्युनॉस आयर्स पाहावे कसे: खाणे, नाच आणि वस्त्या

अर्जेंटिनाच्या राजधानीत जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी, ती म्हणजे ब्युनॉस आयर्समध्ये डोळे दिपवणारे असे एकच एक स्थळ नाही. डोंगर नाही, समुद्रकिनारा नाही, प्राचीन अवशेष नाहीत. सपाट माळ आहे आणि त्याच्या काठाने वाहणारी, गाळाने तपकिरी झालेली, पलीकडचा तीर दिसू नये इतकी रुंद रिओ दे ला प्लाता नदी आहे. त्यामुळे ‘दहा प्रेक्षणीय स्थळे’ अशी यादी घेऊन फिरणारा माणूस दोन दिवसांत यादी संपवतो आणि शहर फारसे आवडले नाही म्हणून सांगत परततो. शहर १५३६ मध्ये एकदा वसले, उजाड झाले आणि १५८० मध्ये पुन्हा वसले. पण त्याचा आजचा चेहरामोहरा घडला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली, स्पेन आणि पूर्व युरोपातून बोटींनी आलेल्या लाखो स्थलांतरितांमुळे. ते कळायचे असेल, तर त्यांच्या खानावळीत, नाचघरात आणि त्यांनी वसवलेल्या वस्त्यांतच जावे लागते. येथील वस्तीला ‘बारिओ’ म्हणतात आणि असे ४८ बारिओ मिळून सुमारे ३१ लाख लोकांचे हे शहर बनले आहे. एका दिवशी एकच बाजू धरावी आणि शहराच्या घड्याळाप्रमाणे जेवावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पहिली पायरी: घड्याळ जुळवणे

ब्युनॉस आयर्सची वेळ भारताच्या साडेआठ तास मागे आहे, पण खरी अडचण त्याची नाही. अडचण अशी की संध्याकाळी सात वाजता भूक लागलेला भारतीय प्रवासी उपाहारगृहात शिरतो, तेव्हा तिथे एकतर कुलूप असते किंवा कर्मचारी खुर्च्या मांडत असतात. रात्रीचे जेवण नऊच्या पुढे, शनिवारी तर दहा-साडेदहाला सुरू होते आणि लहान मुलांची कुटुंबेही त्याच वेळी येतात. मधली पोकळी भरण्यासाठी ‘मेरिएन्दा’ नावाचे संध्याकाळचे खाणे असते: साधारण पाच ते सात या वेळेत कॉफी आणि त्यासोबत दोन-तीन मेदियालुना, म्हणजे अर्धचंद्राच्या आकाराचे गोडसर पाव. मेरिएन्दा टाळू नये. ती टाळली तर रात्रीपर्यंत तग धरत नाही आणि मग नाच पाहण्याची वेळ येते तेव्हा माणूस हॉटेलात झोपलेला असतो. नाचघरे मध्यरात्रीच्या सुमारास भरतात. म्हणून पहिले दोन दिवस सकाळी उशिरा उठण्याची आणि दुपारी तासभर पडण्याची सवय निःसंकोच लावून घ्यावी.

ऋतू उलटे आहेत, हेही ध्यानात असावे. डिसेंबर ते फेब्रुवारी दमट उन्हाळा असतो, जून ते ऑगस्ट थंडी. माझ्या मते मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सर्वांत सोयीचे महिने होत. त्यातही नोव्हेंबरमध्ये जॅकरँडाची झाडे फुलून रस्तेच्या रस्ते जांभळे होतात.

दुसरी पायरी: व्हिसा, पैसा आणि पत्ते

भारतातून थेट विमान नाही. आखात, आफ्रिका, तुर्कस्तान किंवा युरोपमार्गे जावे लागते आणि प्रवासात एक पूर्ण दिवस सहज जातो. भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा लागतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये नियम शिथिल झाले आहेत, तरी तिकीट काढण्यापूर्वी मुंबईतील अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासाचा ताजा नियम वाचून घ्यावा.

पेसो या चलनाची किंमत महागाईमुळे इतकी बदलत राहते की या लेखात एकही दर दिलेला नाही. थोडे डॉलर रोख न्यावेत, बाकी खर्च कार्डाने करावा आणि फ्लोरिदा नावाच्या पादचारी रस्त्यावर ‘काम्बिओ, काम्बिओ’ असे ओरडणाऱ्यांकडे पैसे बदलू नयेत. उपाहारगृहाच्या बिलात ‘कुबिएर्तो’ नावाची वेगळी रक्कम दिसते. ती पाव आणि मांडणीची असते, बक्षिशी नव्हे. बक्षिशी सुमारे दहा टक्के, आणि ती शक्यतो रोख द्यावी.

शहरात फिरण्यासाठी ‘सुबे’ कार्ड घ्यावे. भुयारी रेल्वेला ‘सुब्ते’ म्हणतात. तिची ‘ए’ मार्गिका १९१३ मध्ये सुरू झाली आणि लॅटिन अमेरिकेतील ती पहिलीच होती. बसला ‘कोलेक्तिवो’ म्हणतात. थांब्यावर नुसते उभे राहून बस थांबत नाही, हात दाखवावा लागतो, आणि चढल्यावर कुठे उतरायचे ते चालकाला सांगायचे असते, म्हणजे तो भाडे ठरवतो.

पत्त्यांची पद्धत समजून घेतली तर नकाशा सतत उघडावा लागत नाही, आणि रस्त्यात फोन हातात न दिसणे हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही बरे, कारण मोटरसायकलवरून येऊन फोन हिसकावणारे इथे आहेत. शहर चौकटीचौकटींनी आखलेले आहे. एक चौकट म्हणजे साधारण शंभर मीटर आणि घरांचे शंभर क्रमांक. रिवादाविया हा लांबलचक रस्ता शहराचे दोन भाग करतो. त्याला काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक रिवादावियापासून दोन्ही दिशांना वाढत जातात आणि त्याला ओलांडताच रस्त्याचे नावही बदलते. रिवादावियाला समांतर रस्त्यांचे क्रमांक नदीच्या बाजूने सुरू होतात. म्हणजे ‘कोरिएन्तेस १३६८’ हा पत्ता वाचताच कोरिएन्तेस रस्त्यावर नदीकडून चौदावी चौकट, असा हिशेब करता येतो.

उच्चारांचे एक वैशिष्ट्य कानाला आधीच सांगून ठेवावे. इतरत्र ‘य’सारखा ऐकू येणारा स्पॅनिश ध्वनी येथे ‘श’ होतो. नकाशावरचे ‘मायो’ लोकांच्या तोंडी ‘माशो’ असते, ‘काये’ म्हणजे रस्ता ‘काशे’ होतो आणि कोंबडीचे मांस ‘पोशो’.

तिसरी पायरी: काय खावे, काय विचारावे

येथे ‘कार्ने’ म्हणजे मांस, आणि मांस म्हणजे गृहीतच गोमांस. ज्यांना ते चालत नाही त्यांनी, आणि शाकाहाऱ्यांनी तर विशेषच, हा भाग लक्षपूर्वक वाचावा. ‘कार्ने नको’ एवढेच सांगितले तर वाढपी मनापासून समजून घेतो आणि हॅम घातलेले सँडविच आणून देतो, कारण त्याच्या लेखी हॅम किंवा कोंबडी ‘कार्ने’मध्ये मोडत नाही. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करावे: ‘सोय वेहेतारिआनो, नो कोमो कार्ने, नी पोशो, नी पेस्कादो, नी हामोन.’ बोलणारी स्त्री असेल तर ‘वेहेतारिआना’.

याहून नकळत फसवणारी गोष्ट म्हणजे ‘ग्रासा’, अर्थात चरबी. ती बहुधा गाईचीच असते. मेदियालुना दोन प्रकारच्या मिळतात: ‘दे मान्तेका’ लोण्याच्या, फुगीर आणि गोड; ‘दे ग्रासा’ चरबीच्या, सडपातळ आणि खारट. दिसायला दोन्ही निष्पाप. एम्पानादा, म्हणजे करंजीप्रमाणे मुरड घातलेला भरलेला पदार्थ, याच्या आत मका किंवा चीज असले तरी पारीत चरबी असू शकते, तेव्हा ‘ला मासा तिएने ग्रासा?’ असे विचारावे. प्रश्न विचारल्याचे कुणाला वाईट वाटत नाही. एम्पानादाची मुरड सारणाप्रमाणे वेगवेगळी घालतात आणि जाणकार माणूस मुरड पाहून आतले सारण ओळखतो. नवख्याने मात्र दुकानात लावलेला तक्ता पाहावा, कारण प्रत्येक दुकानाची मुरड निराळी असते.

शाकाहाऱ्याची उपासमार मात्र होत नाही. पास्ता इटालियन घराण्यांचा वारसा असल्याने उत्तम मिळतो आणि महिन्याच्या २९ तारखेला न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, खाण्याची प्रथा आहे. त्या दिवशी भरभराट व्हावी म्हणून ताटलीखाली नोट ठेवतात. मांसाच्या भट्टीवर, म्हणजे ‘पारिशा’मध्येसुद्धा, प्रोवोलेता मिळतो: प्रोवोलोने चीजची जाड चकती निखाऱ्यावर भाजून, वर ओरेगॅनो आणि मिरचीचे कण भुरभुरून, चरचरत्या तव्यात समोर येते. पालेभाजीचे तार्ता, म्हणजे सारण भरून भाजलेला खारा पाय, सर्वत्र असते, पण त्यात अंडे असतेच.

मांसाहार करणाऱ्यांसाठी पारिशा हा या शहराचा मुख्य जेवणप्रकार. बीफे दे चोरिसो, ओहो दे बीफे, वासिओ, एन्त्रान्या ही तुकड्यांची नावे असून, किती भाजावे हे ‘हुगोसो’ म्हणजे रसाळ, ‘आ पुन्तो’ म्हणजे मध्यम आणि ‘बिएन कोसिदो’ म्हणजे पूर्ण शिजलेले, अशा शब्दांत सांगायचे. मसाला फक्त मीठ. सोबतीला चिमिचुरी या हिरव्या चटणीची वाटी. कुणी घरी रविवारच्या ‘आसादो’ला, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या मेजवानीला, बोलावले तर नाकारू नये. ते चार-पाच तास चालते, आणि शेवटी भाजणाऱ्यासाठी सर्वांनी टाळ्या वाजवायच्या असतात. ओळख होताना गालाला गाल लावून एकच चुंबन घेण्याची रीत आहे, पुरुष-पुरुषांतही. हात पुढे केला तर अपमान होत नाही, फक्त किंचित परकेपणा येतो.

चौथी पायरी: पहिला दिवस मध्यवस्तीत

सुरुवात प्लासा दे मायो या चौकापासून करावी. गुलाबी राष्ट्राध्यक्ष भवन, वसाहतकाळातील काबिल्दो, म्हणजे जुने नगरभवन, आणि स्वातंत्र्यसेनानी सान मार्तिन यांची समाधी असलेले कॅथेड्रल हे सर्व एकाच चौकाभोवती आहे. गुरुवार असेल तर दुपारी साडेतीनला तेथे असावे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत ज्यांची मुले ‘नाहीशी’ झाली, त्या मातांनी एप्रिल १९७७ पासून या चौकात फेरी घालायला सुरुवात केली आणि ती अजून चालू आहे. जमिनीवर रंगवलेले पांढरे रुमाल हे त्यांच्या डोक्यावरच्या रुमालाचे चिन्ह. तेथे छायाचित्रे काढण्यापेक्षा बाजूला शांतपणे उभे राहावे.

आवेनिदा दे मायोवरून पश्चिमेकडे चालत गेले की १८५८ पासूनचे काफे तोर्तोनी लागते. बाहेर रांग असते. रांग लांब असेल तर सरळ पुढे जावे. महानगरपालिकेने जतनाच्या यादीत घातलेली, ‘बार नोताब्ले’ म्हणून ओळखली जाणारी जुनी कॉफीगृहे शहरभर आहेत, आणि आल्माग्रो भागातील १८८४ चे लास व्हिओलेतास, रंगीत काचांच्या खिडक्यांसह, मला तोर्तोनीपेक्षा अधिक आवडते. ‘ए’ मार्गिकेने कास्त्रो बारोस स्थानकावर उतरले की ते समोरच आहे. कॉफी मागताना ‘कोर्तादो’ म्हणजे थोडे दूध घातलेली, ‘लाग्रिमा’ म्हणजे दुधात कॉफीचे चार थेंब. कॉफी न पिणाऱ्यासाठी ‘सुबमारिनो’ असते, ज्यात गरम दुधाच्या पेल्यात चॉकलेटची कांडी बुडवून विरघळवायची. एका कपावर दोन तास बसले तरी कुणी उठवत नाही आणि मागितल्याशिवाय बिल आणत नाही.

रात्र कोरिएन्तेस रस्त्यासाठी राखावी. नाट्यगृहे, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी पुस्तकांची दुकाने आणि पिझ्झाघरे यांचा हा रस्ता आहे. १९३६ मध्ये उभारलेल्या ओबेलिस्को स्तंभापासून तीन-चार चौकटींवर १९३२ पासूनचे गुएरिन हे पिझ्झाघर आहे. आतल्या टेबलांसाठी थांबण्यापेक्षा पुढच्या भागात उभ्याने खावे. खरी मजा तिथेच आहे. आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची, ती संगमरवरी कट्ट्यापलीकडच्या माणसाच्या हाती द्यायची आणि बाजूला कोपर टेकून जागा धरायची. नाटक सुटलेली जोडपी, टॅक्सीचालक, सूट घातलेले वकील असे सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि कुणीही दहा-पंधरा मिनिटांहून अधिक रेंगाळत नाही. येथील पिझ्झा नेपल्सच्या पिझ्झ्यासारखा पातळ नसतो. बूड जाड आणि मऊ, त्यावर मुत्सारेला चीज इतके की तुकडा उचलताना ते कडेवरून ओघळून ताटलीत साचते. ‘मुत्सा’ म्हणजे साधा चीजचा तुकडा आणि ‘फुगाझेटा’ म्हणजे चीजवर कांद्याचा जाड थर, ज्याच्या कडा भट्टीत करपून गोडसर झालेल्या असतात. दोन्ही शाकाहारी. सोबत ‘फायना’ अवश्य मागावी. जिनोव्हाच्या खलाशांनी आणलेला हा प्रकार हरभऱ्याच्या पिठाचा असतो आणि त्याची चव आपल्या बेसनाच्या जाडसर धिरड्याशी इतकी जुळते की मराठी माणसाला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. फायनाचा त्रिकोण पिझ्झ्याच्या तुकड्यावर ठेवून दोन्ही एकदम खाण्याला ‘आ काबाशो’, म्हणजे घोड्यावर स्वार, असे म्हणतात.

नंतर आइस्क्रीम. ते वजनावर मिळते. पाव किलोचा डबा दोघांना पुरतो आणि त्यात दोन-तीन चवी निवडता येतात. एक चव दुल्से दे लेचेची, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाची, असावी. चॉकलेटचे कण घातलेला तिचा ‘ग्रानिसादो’ प्रकार सर्वांत सरस.

पाचवी पायरी: दक्षिणेकडचे बारिओ

सान तेल्मो आणि ला बोका हे दोन बारिओ एका दिवसात होतात आणि तो दिवस रविवार असावा. सान तेल्मो ही एके काळी श्रीमंतांची वस्ती होती. १८७१ मध्ये पीतज्वराची साथ आली, हजारो माणसे दगावली आणि पैसेवाली कुटुंबे उत्तरेकडे निघून गेली. त्यांचे मोठे वाडे रिकामे पडले आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांना खोली-खोलीने भाड्याने दिले गेले. एका चौकाभोवती अनेक कुटुंबे, एक नळ, एक मोरी अशी ही ‘कोन्वेन्तीशो’ घरे. टँगो या जोडीने करायच्या नाचाचा इतिहास अशा घरांशी, बंदराच्या आसपासच्या गुत्त्यांशी आणि शहरातील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या कान्दोम्बे तालांशी जोडलेला आहे. देफेन्सा रस्त्यावर रविवारी भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार प्रसिद्ध आहे. गर्दीत पाकीट सांभाळावे, आणि १८९७ च्या लोखंडी छताच्या मंडईत जेवण उरकावे.

ला बोका हे जुने बंदर. जिनोव्हाहून आलेल्या लोकांनी पत्र्याची घरे बांधली आणि जहाजांसाठी आणलेल्या रंगातून जो उरेल तो लावला, म्हणून एका भिंतीवर तीन रंग. आज पर्यटक पाहतात तो कामिनितो रस्ता मात्र चित्रकार बेनितो किन्केला मार्तिन यांच्या पुढाकाराने रंगवला गेला आणि १९५९ मध्ये उघडा कलादालन-रस्ता म्हणून घोषित झाला. तेथे तास पुरे. दारोदार उभे राहून ‘या, जेवा, टँगो फुकट पाहा’ म्हणणाऱ्यांच्या टेबलावर बसू नये. त्याऐवजी नदीकाठचे किन्केला मार्तिन संग्रहालय पाहावे, जेथे गोदीत ओझी वाहणाऱ्या माणसांची त्यांनी काढलेली मोठमोठी चित्रे आहेत. फुटबॉलप्रेमींना बोका ज्युनियर्सचे ‘ला बोम्बोनेरा’ मैदान चालत गाठता येते. पर्यटकांच्या मोजक्या चौकटींबाहेर पायी भटकू नये आणि अंधार पडण्यापूर्वी बस किंवा टॅक्सीने निघावे. हा इशारा शहरातील लोक स्वतःच देतात.

सहावी पायरी: मिलोंगामध्ये जाणे

जेवणासह टँगोचा मंचीय कार्यक्रम दाखवणारी अनेक नाट्यगृहे आहेत. ते वाईट नसतात, पण महाग असतात आणि तेथे दिसतो तो प्रेक्षकांसाठी बसवलेला नाच. शहरातील लोक स्वतःसाठी नाचतात ते ‘मिलोंगा’मध्ये, म्हणजे टँगो नाचण्यासाठी भरणाऱ्या मैफलीत. युनेस्कोने २००९ मध्ये टँगोला अमूर्त वारशाचा दर्जा दिला तो, अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांच्या वतीने, याच जिवंत परंपरेसाठी. माझा सल्ला असा की कार्यक्रमाचे पैसे वाचवून दोन मिलोंगांना जावे, आणि नाचता येत नसेल तर आधी होणारा वर्ग करावा. बहुतेक ठिकाणी मिलोंगा सुरू होण्यापूर्वी तास-दीड तासाचा वर्ग असतो आणि जोडीदार सोबत आणावा लागत नाही.

नवशिक्याने ला व्हिरूता किंवा ला कातेद्राल येथून सुरुवात करावी. पहिले पालेर्मोमध्ये आर्मेनियन केंद्राच्या तळघरात आहे; वर्ग अनेक पातळ्यांचे आणि गर्दी तरुण. दुसरे आल्माग्रोमध्ये एका जुन्या कोठारात, उंच छत, मंद दिवे आणि जीर्ण लाकडी जमीन असे. तेथे शाकाहारी जेवणही मिळते. वेळापत्रके सतत बदलतात, तेव्हा त्याच दिवशी खात्री करून निघावे. पादत्राण चामडी तळाचे हवे. रबरी तळ जमिनीला चिकटतो आणि गुडघा मुरगळतो.

जुन्या वळणाच्या मिलोंगामध्ये मात्र रीतीभाती आहेत आणि त्या माहीत नसतील तर रात्रभर बसून राहावे लागते. संगीत ‘तान्दा’मध्ये वाजते: एकाच वादकवृंदाची तीन किंवा चार गाणी सलग. त्यानंतर टँगो नसलेले दुसरेच काही अर्धा मिनिट वाजते. तो ‘कोर्तिना’, म्हणजे पडदा. तो वाजू लागताच सर्वांनी जमीन मोकळी करून आपापल्या टेबलाशी जायचे. पुढची तान्दा सुरू झाली की आमंत्रणे निघतात, पण कुणीही उठून कुणाच्या टेबलाशी जात नाही. खोलीच्या एका टोकाकडून माणूस नजर टाकतो. समोरच्या व्यक्तीची इच्छा असेल तर ती नजर धरून ठेवते, नसेल तर सहज दुसरीकडे पाहते. नजर धरली गेली की मान किंचित हलवायची. समोरून तशीच मान हलली की ठरले. याला ‘काबेसेओ’ म्हणतात. नकार कुणाला दिसत नाही आणि कुणाचा पाणउताराही होत नाही, ही त्यातली खुबी. आमंत्रण स्वीकारणाऱ्याने जागेवरून उठण्याची घाई करू नये. निमंत्रक समोर येऊन उभा राहीपर्यंत नजर त्याच्यावरच ठेवावी, कारण ती खूण मागच्या टेबलावरच्या व्यक्तीसाठीही असू शकते. तरुण मिलोंगांमध्ये कोण निमंत्रण देतो आणि कोण नेतृत्व करतो, याची जुनी बंधने आता सैल झाली आहेत.

नाचणाऱ्या जोड्या घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरतात. पुढच्या जोडीला ओलांडायचे नाही, मागे पाऊल टाकायचे नाही आणि पाय हवेत फेकण्याचे मंचीय प्रकार अजिबात करायचे नाहीत. दोन गाण्यांच्या मध्ये जोड्या तिथेच उभ्या राहून गप्पा मारतात आणि गाणे सुरू होऊन काही क्षण लोटले तरी कुणी हलत नाही, हे पाहून नवख्याला आश्चर्य वाटते. तान्दा संपण्यापूर्वी ‘ग्रासिआस’ म्हणू नये. मधेच म्हटले तर ‘पुरे, आता तुमच्याशी नाचायचे नाही’ असा त्याचा अर्थ घेतला जातो.

नुसते बसून पाहायला हरकत नाही. एखादे पेय मागवावे आणि अनेकदा आयोजकच जागा नेमून देतो ती आनंदाने स्वीकारावी. सत्तरीतल्या आजोबांचा डोळे मिटून, जेमतेम चार फरश्यांच्या जागेत चाललेला नाच पाहिला की मंचावरच्या कसरतींची आठवण राहत नाही. रात्री उशिरा बाहेर पडणे नको असेल, तर दुपारच्या मिलोंगाही असतात.

सातवी पायरी: उत्तरेकडे

रेकोलेतामधील १८२२ ची दफनभूमी हे संगमरवरी घुमट्यांचे लहानसे नगरच आहे. परदेशी पाहुण्यांना शुल्क पडते. राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांच्या पत्नी एव्हिता पेरॉन यांची समाधी ‘दुआर्ते’ या माहेरच्या नावाखाली शोधावी, पेरॉन नावाने ती सापडत नाही. जवळच सान्ता फे रस्त्यावर १९१९ च्या नाट्यगृहाचे पुस्तकांचे दुकान झाले आहे, एल आतेनेओ ग्रँड स्प्लेन्डिड. रंगमंचावर आता कॉफीगृह आहे. सोमवारी राष्ट्रीय कलासंग्रहालय आणि मंगळवारी मालबा हे लॅटिन अमेरिकी कलेचे संग्रहालय बंद असते, एवढे पाहून दिवस ठरवावा.

पालेर्मोच्या उद्यानांत दुपारी जावे, कारण तिथे माते पिणारी मंडळी दिसतात. हे कडवट पेय एकाच तुंबीतून, एकाच धातूच्या नळीने सर्व जण आळीपाळीने घेतात. कुणी पुढे केले तर नळी ढवळू नये, पूर्ण संपवून तुंबी परत द्यावी. ‘ग्रासिआस’ म्हटले की पुढची पाळी मिळत नाही. पाण्याला उकळी येऊ देत नाहीत, तरी ते बरेच गरम असते, तेव्हा जपून घोट घ्यावा.

संध्याकाळी बेल्ग्रानो गाठावे. येथील चिनी वस्तीत मसाले, तांदूळ, टोफू मिळतो, हे महिनाभर राहणाऱ्यांना विशेष उपयोगी. तेथून पायी जाता येईल अशा बारान्कास दे बेल्ग्रानो बागेतील ‘ला ग्लोरिएता’ या गोल मंडपात उघड्यावर मिलोंगा भरते. प्रवेश मुक्त, पाहणारे कठड्याभोवती, आणि नवख्याला सामावून घेणारी मंडळी.

आठवी पायरी: वेळ उरला तर

दुसरा रविवार हाती असेल तर मातादेरोसला जावे. शहराच्या पश्चिम टोकाला, गुरांच्या जुन्या बाजाराजवळ, १९८६ पासून ग्रामीण परंपरांची जत्रा भरते. केंद्रातून बसने तासाभराचा रस्ता आहे. उन्हाळ्यात ती बंद असते किंवा वेळ बदलते, म्हणून आधी चौकशी करावी. घोडेस्वार धावत्या घोड्यावरून टांगलेल्या लहानशा कड्यात काठी घालतात, मोठ्या हंड्यांत लोक्रो, म्हणजे मक्याचा दाट रस्सा, शिजतो आणि रस्त्याच्या मधोमध लोक चाकारेरा हा लोकनाच नाचतात. टँगोचे दडपण आलेल्यांनी इथे धीर करावा: समोरासमोर रांगा, जोडीदाराला स्पर्श नाही, टाळ्या आणि ठरलेल्या वेळी गिरकी. बाजूच्या आजींचे पाहून दुसऱ्या गाण्यापर्यंत जमते.

सान इसिद्रो हा परिसर शहराच्या हद्दीबाहेर, रेतिरो स्थानकातून मित्रे मार्गाच्या गाडीने गाठता येतो. १९२४ च्या नोव्हेंबरमध्ये पेरूकडे निघालेले रवींद्रनाथ ठाकूर वाटेत आजारी पडले आणि लेखिका विक्तोरिया ओकाम्पो यांनी त्यांची व्यवस्था येथील नदीकाठच्या मिरालरिओ या घरात केली. ओकाम्पो यांचे स्वतःचे घर, व्हिला ओकाम्पो, त्यांनी १९७३ मध्ये युनेस्कोला दिले. ते पाहता येते. उघडे असण्याचे दिवस मोजके आहेत.

निघताना दुल्से दे लेचेच्या बाटल्या हातातल्या पिशवीत ठेवू नयेत, सुरक्षा तपासणीत त्या द्रवपदार्थ म्हणून काढून घेतल्या जातात. आल्फाहोरेस, म्हणजे मध्ये दुल्से दे लेचे भरलेली जोडबिस्किटे, यांचे डबे हातात न्यायला हरकत नाही, मात्र त्यांतही पारीसाठी ‘ग्रासा’ वापरली आहे का ते वेष्टनावर वाचावे. एसेइसा विमानतळ केंद्रापासून तीसेक किलोमीटर दूर आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी त्या महामार्गावर वाहने खोळंबून राहतात, तेव्हा त्या दिवशी उड्डाणापूर्वी पाच तास घर सोडावे.